चकली, आम्ही आणि हावडा मेल

बदली झाली की लोक तीन प्रश्न हमखास विचारतात. पगार किती वाढला? घर कंपनी देणार का? आणि सामान कसं नेणार? आमच्या बाबतीत चौथाही एक प्रश्न होता आणि तो विचारताना प्रत्येकाचा आवाज आपोआप खाली यायचा... 'मग कुत्रीचं काय करणार?'

काय करणार म्हणजे? नेणार! पण हे उत्तर ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटायचे ते बघून वाटायचं, आपण गोदरेजचं कपाट डोक्यावर घेऊन चालत निघालोय बहुतेक.

तर मंडळी, ही चकली. २०२३च्या जानेवारीत मुलुंड स्टेशनबाहेर एका वडापावच्या गाडीखाली सापडली. बरोबरची भावंडं कुठे गेली, कुणालाच माहीत नव्हतं. शेपटीला दीड वेढा, म्हणून चकली. डॉक्टरांनी दात बघून वय ठरवलं, साधारण पाच आठवडे. अस्सल गावठी. तिला घरी आणून दहा दिवस होतात न होतात तोच नवऱ्याला ऑफिसातून ई-मेल आला : कोलकाता, फेब्रुवारीअखेर रुजू व्हा.

आणि मी? मी फ्रीलान्स पत्रकार. फ्रीलान्सरबद्दल जगाचं एकच मत असतं, 'तुझं काय बाई, लॅपटॉप उघडला की ऑफिस!' म्हणजे माझी बदली होतच नाही, मला फक्त उचलून दुसरीकडे ठेवायचं असतं. आई दोन गल्ल्या सोडून, लोकलचे डबे पाठ, कुठल्या संपादकांना जेवणाच्या आधी फोन करायचा आणि कुणाला नंतर, तेही पाठ. हे सगळं सुटणार होतं आणि त्याबद्दल मला कुणी फारसं काही विचारत नव्हतं. चकलीबद्दल मात्र प्रत्येकाकडे सल्ला होता. 'माझ्या कलीगचं कर्जतला फार्महाऊस आहे, तिथे सोड.' 'वॉचमनला दे, महिन्याला काही तरी पाठवत जा.' आणि सगळ्यात कॉमन सल्ला, 'तिकडे गेल्यावर दुसरं घ्या ना! गावठीच तर आहे!'

हे 'गावठीच तर' मला सॉलिड टोचायचं. पंचवीस-तीस हजारांचा लॅब्राडोर असता तर 'तिकडे दुसरा घ्या' असं कुणी म्हणालं असतं? माझी एक मैत्रीण शनिवार-रविवार प्राण्यांच्या शेल्टरमध्ये काम करते. तिला म्हटलं, लोक असं का बोलतात गं? ती म्हणाली, 'बोलतात कुठे, करतात. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं एकच वाक्य घेऊन येतात, बदली झाली हो.' त्या दिवसापासून माझ्यापुरता तो विषय संपला.

म्हणजे नेणार का, हे ठरलं. नेणार कसं, हा खरा घोळ होता.

रस्त्याने जायचं तर जवळजवळ दोन हजार किलोमीटर, वाटेत निदान दोन मुक्काम आणि कुत्रं चालेल अशी हॉटेलं शोधायची. विमानाचा पर्याय होता. एअर इंडियात लहान प्राणी केबिनमध्ये नेता यायचे, अकासानेही नोव्हेंबर २०२२पासून ती सोय सुरू केली होती. पण विमानात पिल्लू बॅगेत, बॅग बंद, उतरेपर्यंत उघडायची नाही. एअरपोर्टवरचे तास धरले तर निम्मा दिवस चकली त्या बॅगेत. आणि गुंगीचं औषध देऊन न्यायच्या आयडियेवर डॉक्टरांनी असे डोळे वटारले की नवऱ्याने तो विषय परत काढला नाही.

उरली रेल्वे. रेल्वेचा नियम साधा आहे, पण तो कुणी नीट सांगत नाही. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपरमध्ये कुत्रा सोबत नेता येत नाही. एसी फर्स्ट क्लासमध्ये नेता येतो, पण अख्खा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचं केबिन तुमचं असेल तरच. नाहीतर मग ब्रेक व्हॅनमधला लोखंडी डॉग बॉक्स. आता गंमत अशी की फर्स्ट क्लासचं तिकीट कन्फर्म झालं तरी त्यावर बर्थ नंबर नसतो. कूपे की केबिन, हे चार्ट लागतो तेव्हा कळतं. आपण अर्ज द्यायचा, 'सोबत कुत्रा आहे, कृपया कूपे मिळावा' आणि देवाचं नाव घ्यायचं. आमचा चार्ट गाडी सुटायच्या चार तास आधी लागणार होता. म्हणजे घरातलं सगळं सामान आठ दिवस आधी ट्रकमध्ये चढून निघून गेलेलं, चाव्या मालकाच्या हातात, आणि पिल्लू बसणार कुठे हे संध्याकाळी पाच वाजता कळणार!

पण माझं खरं टेन्शन वेगळंच होतं. पार्व्हो.

ज्यांच्या घरी पिल्लू आलंय त्यांना हा शब्द माहीत असेल. पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा व्हायरस. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास होऊ शकतो. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो जमिनीवर पडतो आणि तिथे महिनोन्महिने जिवंत राहतो. साध्या साबणाने मरत नाही, ब्लीच लागतं. लस आहे, पण एका डोसात काम होत नाही. का? तर आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते आणि तीच लसीलाही हाणून पाडते. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचत राहायचं. चकलीचे तोपर्यंत दोन डोस झाले होते. प्रवासाच्या दिवशी ती जेमतेम साडेअकरा आठवड्यांची असणार होती.

'म्हणजे डॉक्टर, प्लॅटफॉर्मवर...?'

'पाय टेकवायचा नाही. कुठेच नाही.'

आणि वर त्यांनी हेही सांगितलं की तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही. माणसं, गाड्या, गर्दी, छत्र्या, सगळं याच वयात दाखवायचं. म्हणजे बघा, जग दाखवायचं पण जमिनीला पाय लावू द्यायचा नाही! कडेवर घेऊन फिरायचं. मुलुंडच्या भाजीबाजारात मी तेव्हा रोज संध्याकाळी एका हातात मेथी आणि दुसऱ्या हातात कुत्री घेऊन हिंडायचे. स्टेशनच्या पुलावर उभी राहून तिला लोकल दाखवायचे. ती गाडीखालीच जन्मल्यासारखी निवांत. भोंगा वाजला की जांभई!

यात दुसरीकडे घर शोधणं चालू होतंच, तेही मुंबईत बसून, फोनवरून. मुंबईत घर शोधताना पहिला प्रश्न येतो, 'नॉनव्हेज खाता का?' कोलकात्यात हा प्रश्न विचारणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतील. तिथे आमचं लग्न, जात, स्वयंपाकघर कशालाच कुणाचा आक्षेप नव्हता. 'पपी' म्हटलं की फोनवर शांतता! एका घराचं तर टोकनही गेलं होतं. कुत्र्याचं कळल्यावर मालकांनी ते त्याच संध्याकाळी परत पाठवलं, वर एक नमस्काराची स्माइली. अॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं मी तोवर तोंडपाठ केली होती : हाऊसिंग सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. पण हे सगळं सोसायटीसाठी. घरमालकाने घर कुणाला द्यावं, हा शेवटी त्याचा प्रश्न.

सातव्या फोनला ढाकुरियातलं एक जुनं घर मिळालं. सियालदहहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलची लाइन जवळून जाते, म्हणून भाडेकरू टिकत नाहीत, असं ब्रोकर स्वतःच म्हणाला. खाली सत्तरीच्या मालकीणबाई एकट्याच राहतात. त्यांनी फोनवर हिंदीत एवढंच विचारलं, 'रात को रोता है?' मी म्हटलं, मासिमा, ट्रेनचा आवाज असेल तर नाही रडणार. त्यांना वाटलं मी विनोद केला.

प्रवासाच्या दिवशी पाच वाजता चार्ट आला. कूपे! नवऱ्याने टॅक्सीतच मला टाळी दिली. मग सीएसएमटीचं पार्सल ऑफिस. गोणपाटात गुंडाळलेल्या मोटारसायकली, खोकी, टोपल्या आणि त्यात वजनकाट्यावर आमची चकली. तिकिटाची कॉपी, लसीचं कार्ड आणि आदल्या दिवशीचं डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, सगळं तयार होतं. क्लार्ककाकांनी चष्मा वर केला.

'जात कुठली?'

'गावठी.'

'गावठी?' त्यांनी आधी माझ्याकडे, मग फर्स्ट क्लासच्या तिकिटाकडे आणि मग परत माझ्याकडे बघितलं. 'हिला कोलकात्याला?'

'हो.'

'नशीब लागतं,' असं म्हणून त्यांनी पावती फाडली. कुणाला उद्देशून ते, अजून कळलेलं नाही.

आई स्टेशनवर आली होती. ती पहिल्यापासून कुत्र्याच्या विरोधात. चकली घरी आली तेव्हा महिनाभर तिने आमच्याकडे पाणीसुद्धा जपून प्यायलं. तिने एक पिशवी हातात दिली. आत तिची जुनी, धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी. 'गाडीत थंडी असते. आणि ही सहसा धुऊ नकोस, वास राहिला पाहिजे म्हणतात ना त्यांना.' हे तिने कुठे वाचलं होतं देव जाणे. मला वाटतं ती आमच्यापैकी कुणाशी बोलतेय हे तिचंही नक्की नव्हतं. गाडी हलली तेव्हा माझ्या दोन्ही हातात कुत्री, त्यामुळे नीट हातही हलवता आला नाही.

मुंबई ते हावडा, व्हाया नागपूर, १९६८ किलोमीटर. रात्री नऊनंतर निघालेली गाडी तिसऱ्या दिवशी पहाटे पोचते. पिल्लाच्या मूत्राशयाचा हिशेब असा की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तेवढे तास. म्हणजे आमच्याकडे जास्तीत जास्त चार तास. मी तीन-तीन तासांचे अलार्म लावले. कूपेच्या कोपऱ्यात प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रं, शेजारी कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. घरातली रद्दी सगळी विकून टाकलेली, त्यामुळे मी जपून ठेवलेल्या माझ्या लेखांच्या जादा प्रती कामी आल्या. एक अर्धपानी लेख तर माझा फार लाडका होता. चकलीलाही तोच आवडला. एवढा थेट अभिप्राय मला कुठल्याही वाचकाने दिलेला नाही.

कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लागलं तेव्हा एक धक्का बसला आणि ती उठून पहिल्यांदाच रडायला लागली. बारीक, लांब, न थांबणारं. शेजारच्या केबिनचं दार वाजलं. नवरा घामाघूम. मग मी आईची साडी खाली पसरली आणि स्वतःच तिच्याशेजारी जमिनीवर आडवी झाले. इगतपुरी येईपर्यंत माझ्या गळ्याखाली तोंड खुपसून ती झोपली. मी जागीच. माझं कपाट, माझं टेबल, माझी पुस्तकं तेव्हा कुठल्या तरी हायवेवर होती, घर नावाचं काहीही कुठेच नव्हतं आणि डब्याच्या फरशीवर साडेतीन किलोचं हे गाठोडं घोरत होतं. बदलीचा ई-मेल आल्यापासून मी रडले नव्हते. ते काम त्या रात्री उरकून घेतलं. नवऱ्याला कळलं असावं, पण त्याने कूस बदलली नाही. चांगला आहे तो.

सकाळी टीसी आले. 'इसका टिकट?' पावती दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून वाचली, परत दिली आणि दारातच उभे राहिले. 'एक बार उठा लूँ?' त्यानंतर गोंदियापर्यंत ते तीनदा 'चेकिंग'ला आले.

दुपारच्या आत नागपूर. तिथे माझी मावशी डबा घेऊन येणार होती आणि याच भेटीची मला खरी धास्ती. मावशीकडे सोवळं-ओवळं कडक. गाडी थांबली तशी ती डब्याच्या दारापाशी हजर. 'काऊन वो जावईबापू, किती वाळले! आणि ते कुठी आहे?' ते म्हणजे चकली. मी तिला कडेवर घेऊन दारात उभी. मावशीने एक डबा नवऱ्याच्या हातात दिला : पोळ्या, भरली वांगी, पुडाची वडी. मग पिशवीतून दुसरा, छोटा. 'यात नुसता भात नि वरण आहे. मीठ नाही टाकलं. तुझ्या आईचा रात्रीच फोन आला होता.' आणि पदराने हात पुसून तिने चकलीच्या डोक्यावर एक बोट ठेवलं. एकच. गाडी सुटली.

दुर्ग, रायपूर, बिलासपूर... पुढचा दिवस कसा गेला ते सांगण्यासारखं काही नाही. चकली झोपली, उठली, माझ्या उरलेल्या लेखांचा समाचार घेतला, पुन्हा झोपली. राउरकेला सोडल्यावर जंगल सुरू झालं आणि मोबाइलची रेंज गेली. मला त्या रात्री एक लेख पाठवायचा होता, विषय : 'नव्या घराला द्या पर्सनल टच'. तो गेलाच नाही. संपादकांनी दुसऱ्या दिवशी समजून घेतलं, कारण त्यांच्याकडे तीन कुत्री आहेत.

हावड्याचं एक बरं आहे, टॅक्सी स्टेशनच्या आत, प्लॅटफॉर्मच्या कडेपर्यंत येते. पिवळी अॅम्बॅसेडर. त्यामुळे चकलीच्या पायाला हावड्याची जमीन लागली नाही. पुलावरून जाताना उजाडत होतं आणि तिने खिडकीबाहेर नाक काढून हुगळीचा पहिला वास घेतला. शिंकली.

ढाकुरियाच्या घरात पहिल्या रात्री ती रडली नाही. लाइनवरून लोकल धडधडत गेली, तिने एक कान हलवला आणि पाय ताणले. मी मात्र जागी होते, कारण हा आवाज मुलुंडसारखा असूनही मुलुंडचा नव्हता. तिची पंचाईत संध्याकाळी झाली. दिवेलागणीला खालून मासिमांनी शंख फुंकला. मग समोरच्या घरातून दुसरा, पलीकडून तिसरा. या आवाजाची तयारी मी तिच्याकडून कधीच करून घेतली नव्हती, मुलुंडला कोण रोज शंख वाजवतं! चकलीने मान वर केली आणि आयुष्यातली पहिली कोल्हेकुई ठोकली. खालून शंख थांबला. मी जिना उतरून माफी मागायला गेले तर मासिमा हातात शंख धरून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. आता त्या मुद्दाम थोडा लांबवतात.

तिसरा डोस आणि रेबीजची लस कोलकात्यात, फेब्रुवारीच्या शेवटी. सोळाव्या आठवड्याचा डोस मार्चअखेर. तोवर तिची कडेवरची वरात या नव्या पाड्यातून निघायची आणि तिच्यापायी मला रस्ते कळत गेले. मासळीवाले कुठे बसतात, झेरॉक्सचं दुकान, कुठल्या गल्लीत कुत्र्यांची टोळी आहे. लॅपटॉप उघडून बसले असते तर यातलं काहीही दिसलं नसतं. आईचा रोज व्हिडिओ कॉल. 'साडी कुठंय, दाखव.' दाखवायची. 'अगं, केवढी मळलीये! धू आता.' आणि लगेच, 'नको, राहू दे.'

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. संध्याकाळी मी तिला गेटबाहेर नेलं, पट्टा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम रस्त्यावर ठेवलं. ती दोन मिनिटं तशीच उभी. चारही पाय फाकवून, जणू जमीन हलतेय. गल्लीतली तीन कुत्री आली, हुंगून गेली. त्यातलं एक हुबेहूब हिच्यासारखं, शेपटीला तोच दीड वेढा.

कोपऱ्यावरचा चहावाला बघत होता. 'की नाम?'

'चकली.'

'चोकली,' त्याने दुरुस्त केलं. मग तिला नीट निरखून म्हणाला, 'ए तो नेडी!' नेडी म्हणजे आपली गावठी. मी म्हटलं हो, मुंबईहून आणलीये. ट्रेनने. फर्स्ट क्लासने. त्याचा विश्वास बसेना. बाकावरच्या दोघांना त्याने ते बंगालीत सांगितलं, त्यांनी तिसऱ्याला. मग त्याने बरणीत हात घालून एक जाडसर लेडो बिस्किट काढलं, दोन तुकडे केले, एक चकलीपुढे टाकला आणि दुसरा त्या तिच्यासारख्या शेपटीवाल्यापुढे. मी पैसे काढले तर म्हणाला, राहू द्या दीदी, उद्या येणारच आहात ना.